आत्याचं वाय-फाय आणि सतरा जोडण्या

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. सेंधव्याच्या शाळेतून बारावी करून मी इंदूरला आलो, तेव्हा बडा गणपतीजवळच्या आपल्या दोन खोल्यांपैकी खिडकीची खोली तिनं मला दिली. माझी पदवी होईपर्यंत चार वर्षं तिनं टीव्ही आवाज बंद करून पाहिला, आणि पुढे तीच सवय लागली. मालिकेत कोण का रडतंय ते ती चेहऱ्यांवरून ठरवायची, आणि बरेचदा चुकायची. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा तयार झाला.

नोकरी लागल्यावर मी तिच्या घरी वाय-फाय घेतलं. आत्यानं त्याचा पासवर्ड विरजणासारखा वाटला. दारात येईल त्याला देऊन मोकळी. मी कुरकुर केली की म्हणायची, "अरे, विरजण दिल्यानं आपलं दही कमी होतं का?"

होत होतं. मी घरूनच काम करायचो आणि अजून कच्चा नोकर होतो. शुक्रवारी अकरा वाजता साहेबांना माझं काम ऑनलाइन दाखवायचं होतं. मला कायम करायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. आदल्या मीटिंगमध्ये पोह्याचा घास घेताना माझं चित्र गोठलं होतं आणि साहेबांना बराच वेळ माझ्या तोंडातली शेव पाहावी लागली होती. "पुन्हा असं झालं तर कठीण आहे," ते म्हणाले होते.

आत्या तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेली. बुधवारी मी राउटरची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच होता, आणि तो डब्यावर छापलेला होता. डबा खिडकीत, छापील बाजू गल्लीकडे. मी तो पासवर्ड आधी बदलला. मग फोनवर यादी उघडली. आमच्या वाय-फायवर सतरा जोडण्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या.

यादीत नुसते आकडे आणि अक्षरं. कोण कुठला, काही कळेना. पण आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून आहे. मी वही घेतली, हजेरीसारखे सतरा रकाने आखले, आणि एकेक जोडणी बंद करून कान देऊन बसलो.

पहिली बंद केली. वरच्या मजल्यावरून आरोळी आली, "अरे यार, ओव्हर पूरा होने देता!" लिहिलं: वरचे भाडेकरू. चालू केली.

दुसरीला समोरच्या काकू ओरडल्या, "अहो, बाई पाकाचं सांगता सांगता थांबली ना! आता एकतारी की दोनतारी?" लिहिलं: काकू.

पाचवीला कोपऱ्यावरच्या देवळात मोबाइलवर लावलेली आरती कडव्याच्या मध्येच थांबली. पंडितजींनी ती स्वतःच्या आवाजात पुढे ओढली, बरीच वरच्या पट्टीत. मी घाईघाईनं जोडणी चालू केली, तेव्हा मोबाइल आणि पंडितजी दोघंही गाऊ लागले, वेगवेगळ्या कडव्यांत.

अकरावी बंद केली. कोणी ओरडलं नाही. पुन्हा पाहावं म्हणून फोनकडे वळलो तर यादीच उघडेना. तेव्हा मी ओरडलो. ती जोडणी माझ्याच फोनची होती. लॅपटॉपवरून स्वतःला सोडवून घेतलं आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: मी.

संध्याकाळी आमच्या वाय-फायचा पासवर्ड बदलला, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क केलं, त्याचा वेग बांधून दिला, आणि घरोघरी जाऊन त्याचा पासवर्ड सांगितला. शिवाय हात जोडून म्हटलं, शुक्रवारी अकरा ते बारा तेही बंद ठेवीन, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

"भिया, टेंशन मत लो," वरचे भाडेकरू म्हणाले. "एक घंटे में कौन मर जाएगा?"

शुक्रवारी चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. वीस मिनिटं मी न अडखळता बोललो. मग साहेबांनी भुवया उंचावल्या.

"तुमच्या मागे कोण आहेत हे?"

वळून पाहिलं. दारात काकू, भाडेकरू, पंडितजी आणि अजून पाचसहा जण चपला काढून उभे होते.

"आमच्याकडे नेट बंद," काकू कुजबुजल्या, "मग बघायचं काय? म्हटलं, तुझंच बघू."

"सर," मी म्हणालो, "हे यूजर आहेत."

निकाल संध्याकाळी कळला. फोनवर आत्याला "जेवलास का" याच्यापुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी तिला पत्र टाकलं.

तीर्थरूप आत्या,
नमस्कार. मी कायम झालो. साहेब म्हणाले, काम चांगलं आहे, प्रेक्षक त्याहून चांगले. त्यांनी वाय-फायचं कसं काय जमवलं ते विचारलं. मी वही दाखवली, तर ते इतके हसले की या वेळी त्यांचंच चित्र हललं. बाळ कसं आहे? तू आलीस की तुझा फोन आपोआप जोडला जाणार नाही, घाबरू नकोस. नवा पासवर्ड मी तुला तोंडी सांगेन. कागदावर लिहू नये असं पुस्तिकेत आहे. पोस्टमनवर माझा तसा काही संशय नाही. आणि आत्या, आता टीव्हीचा आवाज मोठा ठेव. माझा अभ्यास झाला.
तुझा भाचा