दर पाचवं घर

१९७४ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुसरा तास संपल्यावर, मी समाजशास्त्राच्या सरांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि वर्गातल्या एका मुलीने सर्वेक्षणाचा नियम मोडल्याचं सांगितलं. ती माहिती खरी होती.

आम्ही दोघी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि एकाच बाकावर बसत होतो. मी रामदासपेठेत राहायचे, वडील डॉक्टर. ती काटोलकडच्या एका खेड्यातली, शिक्षणासाठी जरीपटक्याला मामाकडे राहिलेली. मामा रेल्वेत होते.

दिवाळीनंतर सरांनी 'सामाजिक समस्या' हा भाग सुरू केला. पहिल्या दिवशी फळ्यावर व्याख्या लिहिली: समाजातल्या बऱ्याच लोकांना जी परिस्थिती नकोशी वाटते आणि सामूहिक प्रयत्नाने जी बदलता येईल असं वाटतं, ती सामाजिक समस्या. मग प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातली एक समस्या सांगावी, असं ते म्हणाले. मला रामदासपेठेतली एकही आठवेना. मी 'भटकी कुत्री' म्हणाले. वर्ग हसला.

ती उभी राहिली. "सर, आमच्या गावात पोरीले पाहायले पाहुणे आले का तिले चालून दाखवा लागते. हे समस्या होय का?"

"होय, अर्थात."

"पण सर, बऱ्याच लोकांले ते नकोसं नाही वाटत. फक्त त्या पोरीले वाटते."

सर फळ्याकडे वळले. मग त्यांनी 'बऱ्याच' या शब्दावर प्रश्नचिन्ह काढलं. तास संपेपर्यंत ते पुसलं नाही. मी वहीत व्याख्या उतरवून घेतली, प्रश्नचिन्ह घेतलं नाही.

जानेवारीत सर्वेक्षण ठरलं. नाल्याकाठची एक वस्ती, विषय 'मद्यपान आणि कौटुंबिक विघटन'. प्रत्येकाने आपला अहवाल लिहायचा. सर्वांत चांगला अहवाल सर शहरातल्या एका दैनिकाच्या संपादकांकडे पाठवणार होते. तो रविवारच्या पुरवणीत नावासह छापून येणार होता. मॅट्रिकपासून मला छापलेलं स्वतःचं नाव पाहायचं होतं. फळ्यावर ते प्रश्नचिन्ह पडेपर्यंत वर्गात आणखी कोणाचा नंबर लागेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

नियम एकच होता. ओळीतलं दर पाचवं घर घ्यायचं. घर बंद असेल तर फॉर्मवर 'बंद' लिहून पुढचं पाचवं गाठायचं. शेजारचं चालणार नाही, मनाला येईल ते चालणार नाही. सरांनी हे तीनदा सांगितलं.

आम्ही एका रविवारी सकाळी गेलो. एक ओळ मला, एक तिला. माझ्या पहिल्या घरात एक बाई तांदूळ निवडत होत्या. माझ्या हातातले सायक्लोस्टाइल केलेले कागद पाहून त्यांनी मुलाला खुर्ची आणायला पिटाळलं. खुर्ची चार घरं सोडून आली.

"कॉलेजची होय नं? बस. नवरा पिते. हप्त्यातून दोनदा. मारत नाही. लेकरं चार."

मी अजून पेनाचं टोपण काढलं नव्हतं.

"तुम्हाला प्रश्न कसे माहीत?"

"अवं, दरवर्षी येता तुमी. मागच्या सालची पोट्टी तं चष्मा इथंच इसरून गेली होती. लिही, लिही. आता दारू कुठून आणते ते इचारशीन. ते मी सांगत नसतो. तिथं रेघ मार."

मी रेघ मारली. पुढच्या घरांतही खुर्ची आली आणि उत्तरं जवळपास त्याच क्रमाने आली. दोन घरांना कुलूप होतं. ऊन वाढलं होतं. मी दोन्ही वेळा शेजारच्या घरात गेले आणि फॉर्मवर पाचव्या घराचा क्रमांक घातला.

काम संपवून मी तिच्या ओळीत आले. ती एका उंबऱ्यावर बसली होती. भोवती सात-आठ बायका. कोरे फॉर्म मांडीखाली. हातात चहाची कपबशी. मला दिवसभरात चार खुर्च्या मिळाल्या होत्या, चहा एकही नाही.

"दारूचं राहू द्या वं काकू," ती म्हणत होती. "तुमाले काय नकोसं वाटते ते सांगा."

"आमाले? नळ."

"नळाले काय झालं?"

"साडेदहाले येते."

"मंग?"

"मंग काय मंग! आमी कामावर. पाणी कोण भरन? पोट्टी. अन् शाळा कितीची? साडेदहाची."

"पोट्टे जातेत शाळेत, पोट्ट्या नळावर," दुसरी म्हणाली. "हे माही चौथीतून बसली घरी. हुशार होती."

"अजूनबी हुशार आहे," तिसरी म्हणाली. "नंबर सोडत नाही नळावरचा."

बायका हसल्या. मीही पुढे झाले आणि म्हणाले, "मलेबी सांगा न."

एक बाई माझ्याकडे वळून पाहू लागली. "राहू दे वं बाई. तुह्या तोंडी ते उसनं वाटते."

यावर सगळ्या हसल्या. तीही हसली. मी ते पाहिलं.

त्यानंतर ती त्या वस्तीत एकटी तीन सकाळी गेली. कॉलेजचे तास बुडवून नळाजवळ बसली आणि कोणती मुलगी किती वेळ रांगेत असते, शाळा कधी सोडली, घरी कोण असतं, हे लिहून आणलं. अहवाल द्यायच्या आधीच्या शनिवारी बसस्टॉपवर तिने वही माझ्या हातात ठेवली.

"वाच नं वं. शुद्धलेखन पाय जरा. तुह्यं चांगलं आहे."

मी वही घरी नेली. दोनदा वाचली. त्यात 'विघटन' हा शब्द कुठेच नव्हता. एका पानावर एक मुलगी हंडा भरेपर्यंत भिंतीवर कोळशाने पाढे लिहिते, असं होतं. माझ्या ओळीतून त्याच नळाकडे वाट जात होती. मी तिथून चार वेळा गेले होते. मी लाल पेन घेतलं आणि सगळ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. एकही सोडली नाही. सोमवारी सकाळी वही परत दिली.

"चांगलं आहे का?" तिने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

अहवाल त्याच दिवशी दिले गेले. मंगळवारी सर वर्गात म्हणाले की एक अहवाल त्यांनी रात्रीत दोनदा वाचला, कोणाचा ते नंतर सांगतील. आणि बोलताना ते आमच्या बाकाकडे पाहत होते. माझ्याकडे नव्हे. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये गेले.

"सर, तिने दर पाचवं घर घेतलेलं नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी तिथे होते. ती एका उंबऱ्यावर बसून होती. फॉर्म भरलेच नाहीत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि तू घेतलंस? दर पाचवं?"

"हो, सर."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला उभं केलं. निरीक्षण उत्तम आहे, पण नमुना शास्त्रशुद्ध नाही, त्यामुळे अहवाल पाठवता येणार नाही, असं सांगितलं. ते नाराजीने सांगत होते, हे दिसत होतं.

"पण सर," ती म्हणाली, "नळावर दर पाचवी पोट्टी कशी मोजू? सगळ्याच तं तिथं होत्या."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझा अहवाल पाठवला.

लेख दोन आठवड्यांनी छापून आला. मथळा संपादकांनी दिला होता, नाव माझं होतं. वडिलांनी अंक दवाखान्यात ठेवला.

सोमवारी ती पुरवणी घेऊन वर्गात आली. "मस्त छापून आलं वं. मामानं घरात सगळ्यायले वाचून दाखवलं." मग बोट ठेवून म्हणाली, "इथं चुकलं फक्त. या काकूले तीन लेकरं आहेत. तुले चार काहून सांगतले, तिचं तिलेच माहीत."

"तुला कसं माहीत?"

"जाऊन राहिली नं मी तिथं."

"अजून? अहवाल तर झाला."

"मंग काय झालं?"

स्टाफरूममध्ये कोण गेलं होतं, हे तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही. परीक्षेपर्यंत ती माझ्याच बाकावर बसली. लेख मला मिळाला होता, तरी ती दर रविवारी त्या वस्तीत जाते आणि तिला चहा मिळतो, हे मला सहन होत नव्हतं. मी एकदाही तिच्याबरोबर गेले नाही. तिनेही एकदाच विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने विषय बदलला आणि आमचे वर्ग वेगळे झाले.

बी.ए. झाल्यावर मी एका दैनिकात उमेदवार म्हणून लागले. सुरुवातीला महानगरपालिकेकडून येणाऱ्या पत्रकांचं संपादन माझ्याकडे होतं. त्या पावसाळ्यात एक पत्रक आलं. नाल्याकाठच्या त्या वस्तीतला नळ यापुढे सकाळी सहाला सोडला जाईल. वस्तीतल्या महिलांनी सतत केलेल्या अर्जांवरून हा निर्णय झाला. सोबत शेवटच्या अर्जाची प्रत जोडलेली होती. बहुतेक ठिकाणी अंगठे होते. पहिली सही तिची होती. पत्रकातही अर्जदारांच्या वतीने पाठपुरावा करणारी म्हणून तिचं नाव दिलेलं होतं.

मजकूर सहा ओळींचा होता. मी तो दोन ओळींचा केला. दुसऱ्या दिवशी तो पाचव्या पानावर आला. त्यात वस्ती, नळ आणि नवी वेळ होती. नाव कोणाचंही नव्हतं.