ड्रमरची हजेरी

"त्याला आम्ही काढलं, मॅडम. पण तो रोज येतोय."

अभय माझ्यासमोर बसला होता. त्याचे दोन साथीदार मागे उभे होते. तिघांचा रॉक बँड होता. खरं तर चौघांचा. अभय गिटार वाजवायचा आणि गायचा. ज्याला काढलं तो मिलिंद, ड्रमर.

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या आणि घरोघरी केबल येत होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मला वकिलीत दोन वर्षं झाली होती. कानिटकर सरांच्या ऑफिसमध्ये मी ज्युनिअर होते. सर हायकोर्टात असले की क्लायंटचं म्हणणं लिहून घ्यायचं, हे माझं काम. त्यात बोलावं कमी लागायचं, म्हणून मला ते आवडायचं.

एका कोल्ड ड्रिंक कंपनीने इंदूरच्याच लालबागच्या मैदानावर त्यांचा शो ठरवला होता. कंपनीचा माणूस रिहर्सल ऐकून गेला आणि म्हणाला, ड्रमर बदला. मिलिंदचा ठेका सुटत होता. तो मिलमध्ये कापड विणायच्या खात्यात कामाला होता. मागांच्या आवाजात सहा वर्षं उभं राहून त्याचा उजवा कान गेला होता. डावाही जायच्या वाटेवर होता. मग मिलच बंद झाली. राहिला होता तो बँड.

"आम्ही बोललो त्याला, भिया, आता तू बस. रजिस्टरमधून नावपण काटलं," अभय म्हणाला. "तर हा बंदा रोज साडेपाचला येतो, खाली परत आपलं नाव लिहितो, साइन करतो, दारात पंधरा मिनिटं उभा राहतो आणि जातो. बोलत काही नाही. बोलला असता तर बरं होतं."

हे रजिस्टर म्हणजे रिहर्सलची हजेरी. मिलच्या मस्टरसारखी ती मिलिंदनेच सुरू केली होती. पूर्वी बाकीचे त्यावरून त्याला हसायचे, पण सह्या करायचे.

काही लेखी आहे का, असं मी विचारलं. अभयने पिशवीतून पार्टनरशिप डीड काढलं. बँकेत बँडच्या नावाने खातं उघडायला ते लागलं होतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने कुठल्यातरी कापड दुकानाचं डीड समोर ठेवून ते उतरवलं होतं. धंद्याच्या रकान्यात 'वस्त्र व्यवसाय' खोडून पेनने 'संगीत' लिहिलं होतं. खाली चौघांच्या सह्या होत्या.

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. नोकराला मालक काढू शकतो. मिलिंद नोकर नव्हता, पार्टनर होता, म्हणजे बाकी तिघांइतकाच मालक. पार्टनरला बाकीचे बहुमताने काढू शकत नाहीत. तसा अधिकार डीडमध्ये आधीच लिहिलेला असेल आणि तो सचोटीने वापरला असेल, तरच काढता येतं. या डीडमध्ये तसं कलमच नव्हतं. दुकान सुरू करताना भावाला कसं काढायचं, हे कोण लिहितं? तेव्हा रजिस्टरमध्ये मिलिंदच्या नावावर मारलेल्या लाल रेघेला कायद्यात काही किंमत नव्हती.

संध्याकाळी सरांनी डीड चाळलं. "काढता येत नाही ना? मग मोडा," ते म्हणाले.

मुदत न ठरवलेली पार्टनरशिप कुठलाही पार्टनर लेखी नोटीस देऊन मोडू शकतो. तिघांनी फर्म मोडायची आणि तिघांचीच नवी काढायची. अडचण एकच होती, बँडचं नाव. ते चौघांचं होतं. मिलिंदने लिहून दिल्याशिवाय ते वापरणं धोक्याचं होतं आणि पोस्टर तर छापून तयार होती.

ती नोटीस मी लिहिली, इंग्रजीत. सरांनी एक शब्दही बदलला नाही. मला त्याचा फार आनंद झाला होता.

चार दिवसांनी मिलिंद नोटीस घेऊन ऑफिसमध्ये आला. सर आतल्या खोलीत होते आणि बाहेरच्या बाकावर दुसरे क्लायंट बसले होते. त्याने शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

"मॅडम, यात लिहिलंय काय?"

मी सांगितलं, फर्म बंद झाली. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"मिलसारखी?"

मी मान हलवली. मग न राहवून विचारलं, तुम्ही रोज का जाता?

"बदलीवाला होतो ना मी," तो म्हणाला. बदलीवाला म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घेतात तो. "काम मिळो ना मिळो, पाळीच्या टायमाला गेटवर उभं राहायचं, हजेरी लावायची. नाही लावली तर हक्क गेला. बाबांनीच शिकवलं. उद्या ते लोग बोलले की हा स्वतःच सोडून गेला, तर?"

मला सगळं कळलं. ज्या हक्कासाठी तो रोज दारात उभा राहत होता, तो त्याचाच होता. उभं राहायची गरजच नव्हती. घरी बसला असता तरी तो मालकच राहिला असता. नाव द्यायला नकार दिला असता तर शो अडला असता आणि तिघांना त्याच्याशी बोलायला यावं लागलं असतं. पण मी समोरच्या पार्टीची वकील होते. त्याला सल्ला देणं माझ्या धंद्यात बसत नव्हतं. एक वाक्य मात्र मी बोलू शकत होते, आणि बोललेही.

"तुम्ही तुमचा वकील करा."

"जरा जोरात, मॅडम. या कानाने येत नाही."

बाकावरचे लोक बघायला लागले होते. मी तेच वाक्य परत म्हटलं, पण आवाज चढला नाही. माझा चढत नाही. त्याने मान डोलावली आणि तो गेला. मी कर्तव्य केलं असं धरून चालले.

आठवड्याने तो सह्या करायला आला, एकटाच. कुठला वकील केला, असं मी कागदावर लिहून विचारलं.

"वकील? कशाला?" तो म्हणाला.

मी सरांकडे पाहिलं. सर पेन पुढे करत होते. मिलिंदने नाव सोडल्याच्या कागदावर सही केली. मग म्हणाला, एक कागद मलापण पाहिजे. इथे ड्रमर होतो, काम चांगलं होतं, असा.

"मालकाला कोणी अनुभवाचा दाखला देतं का?" सर हसले. मग त्याला ऐकू जावं म्हणून तेच मोठ्याने म्हणाले.

"मिलने बाबांना काहीच नाही दिलं, सर. पूरी जिंदगी तिथे होते, याचा एक कागद नाही घरात."

दाखला मी टाइप केला. अभयने न वाचता सही केली, मग वाचला, आणि परत एकदा वाचला.

लालबागचा शो झाला. ड्रमच्या जागी मशीन होतं. तिघांचा बँड त्यानंतर वर्षभर टिकला. ती फर्म मोडायची नोटीसही मीच लिहिली. मिलिंद सांवेरकडे सोयाबीनच्या एका कारखान्यात लागल्याचं अभयने तेव्हा सांगितलं. दाखला त्याने लॅमिनेट करून घेतला होता म्हणे.

आता पार्टनरशिप डीड करायला कोणी आलं की मी एक कलम हमखास घालते: पार्टनरला काढायचं असेल तर कसं काढायचं, आणि त्याचे हक्क काय. नवे पार्टनर हसतात. म्हणतात, मॅडम, आजच्या दिवशी हे कशाला? मी म्हणते, पटतंय तोवरच लिहून घ्या. आणि ते कलम मी स्वतः वाचून दाखवते. मोठ्याने.