भावजींचे ओले मोजे

मालतीताईंच्या मुलीचा, रश्मीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती मराठीत बोलू शकली. मग हिंदीत म्हणाली, "दोपहर में सोई थी... उठी ही नहीं." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. उरलाय तो नुसता थकवा, आणि त्यात मला सारखा मालतीताईंचा गेला हिवाळा आठवतो.

ताई मूळच्या सांगलीच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. मी जयपुरात नवी आणि एकटी होते, तेव्हा भाजीवाल्याशी चाललेलं माझं मराठी वळणाचं हिंदी ऐकून त्यांनी मला थेट घरी जेवायला नेलं होतं. त्यांचे यजमान, आमचे भावजी, सैन्यातून निवृत्त झाले आणि दोघं जयपुरातच, तिलक नगरात राहिली. पुढे भावजींचं विसरणं वाढत गेलं. माणसं, घर, जेवलो की नाही, सगळंच पुसट... संध्याकाळ झाली की घरभर येरझारा घालायचे, दारं ठोठावायचे. शांत व्हायचे ते फक्त जुन्या गाडीत, ताईंच्या शेजारी बसल्यावर. म्हणून दिवसभर त्यांचं सगळं करून दमलेल्या ताई रोज संध्याकाळी त्यांना फिरवून आणायच्या.

त्या हिवाळ्यात गाडी तापायला लागली. टोंक रोडच्या सिग्नलला काटा लाल रेघेवर जायचा आणि ताई गाडी बाजूला घेऊन इंजिन निवायची वाट बघत बसायच्या. इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं की दोन-चार दिवसांत पुन्हा कमी. मुरलीपुऱ्यातल्या मेकॅनिकनं रेडिएटरचं झाकण बदललं, पाइप तपासले, गाडीखाली पुठ्ठा पसरून पाहिला. थेंबसुद्धा नाही. "डॉक्टरसाब, पानी जा कहाँ रहा है, समझ नहीं आ रहा," तो म्हणाला.

त्याच दिवसांत फिरून आलेल्या भावजींचे बूट-मोजे भिजलेले असायचे. प्रताप नगरहून आलेल्या रश्मीनं ते पाहिलं. "आई, मतलब आता डायपर लावावंच लागेल ना. आणि बाहेर नेणं बंद कर." भावजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. "मी नाही केलं," ते अगदी हळू म्हणाले. ताईंनी डायपर आणले. लावताना भावजी अंग आक्रसून घ्यायचे, डोळे घट्ट मिटून.

एका संध्याकाळी मीही मागच्या सीटवर होते. थंडी होती म्हणून हीटर लावलेला. समोरची काच आतून सारखी धूसर होत होती, पुसली तरी तेलकट राहायची. घरी पोचल्यावर ताई भावजींचे मोजे काढायला वाकल्या आणि थांबल्या. पँट चाचपली. डायपर कोरडा, गुडघे कोरडे, फक्त पावलं ओली. त्यांनी मोजा नाकाशी नेला.

"आयुष्यभर पोरांचे लंगोट हुंगलेत मी. हा तो वास नाही. हा गोडसर आहे."

त्यांनी पायाखालची मॅट उचलली, पांढरा रुमाल दाबला. रुमाल हिरवट आणि चिकट झाला. गाडीच्या आतला हीटर गळत होता. कूलंट जात होतं ते भावजींच्या पायांवर.

ताई गाडीच्या उघड्या दाराशी जमिनीवरच बसल्या. "अहो, ते तुम्ही नव्हता. गाडी होती."

"मी म्हणत होतो," भावजी म्हणाले.

"हो. तुम्ही म्हणत होता." मग त्यांना उठवेचना. मी हात दिला.

मेकॅनिकनं हीटरकडे जाणारं पाणी बंद करून पाइप परस्पर जोडून दिले. गाडी तापायची थांबली. उरलेली थंडी दोघांनी शाली पांघरून काढली. पुढे होळीच्या सुमारास भावजींना डायपर खरोखरच लागले. पण तेव्हा ताईंनी आधी त्यांना विचारलं, लावू का म्हणून.

आता भावजी रश्मीकडे असतात. गाडीही तिच्याच दारात. रविवारी मी त्यांना फिरवते. ताई कुठे, असं ते विचारत नाहीत. परत आलो की उतरण्याआधी कष्टानं वाकून मोज्यांवरून हात फिरवतात आणि तळहात माझ्यापुढे धरतात.

"कोरडे आहेत, भावजी," मी म्हणते.

मगच उतरतात.