परकारसर आणि डोंगरावरचे ठिपके

एखाद्या माणसाचे किस्से आपण गोळा करत नाही, तरी साठतात. रियाधच्या ओलाया भागातलं ऑफिस सोडून मला बरीच वर्षं झाली, पण तेव्हाचं कुणी भेटलं की पाच मिनिटांत विषय परकारसरांवरच येतो!

परकारसर रत्नागिरीचे. आमच्या पर्यावरण कन्सल्टन्सीत वनस्पतिशास्त्रज्ञ. खासियत एकच, खडकावर वाढणारं दगडफूल!

मी पुण्याचा इंजिनिअर. पहिल्याच दिवशी म्हणालो, "सर, हे तर आमच्या गोड्या मसाल्यात असतं!"

"तुम्ही वाटून खाता. मी आधी नाव विचारतो."

*

दगडफुलांची जुनी वर्णनं लॅटिनमध्ये. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा स्वीडिश माणसानं ढीगभर लिहून ठेवलेली. ती वाचायला सर पन्नाशीत लॅटिन शिकले.

"या वयात?"

"अहो, त्याला मराठी येत नव्हतं ना!"

*

सौदीच्या दक्षिणेला, जिझानच्या डोंगरात रस्त्याचं काम चालू होतं. एक खडक सुरुंगानं उडवायचा होता आणि सर भिंग घेऊन त्याच्यापुढेच बसलेले. कॉन्ट्रॅक्टर घाई करत ओरडला, "यल्ला डॉक्टर, यल्ला! चला, उठा!"

सरांनी भिंग त्याच्याच हातात दिलं. "हा ठिपका वर्षाला केसभर वाढतो. तुझ्या पणजोबांच्या आधीपासून इथे आहे. तू अर्धा तास थांब."

तो माणूस भिंगातून बघतच राहिला. मग त्यानं क्रेन मागवली आणि अख्खा खडक उचलून बाजूला ठेवला!

*

पुढे सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायचा नियम. सरांच्या जागेसाठी नूरा आली, नुकतीच एम.एस्सी. झालेली सौदी मुलगी. तिला तयार करायचं काम सरांकडेच! आम्ही चिडलो. सर मात्र वर्षभर तिला आपल्या सगळ्या वह्या उघडून शिकवत होते.

"सर, आपल्याच हातानं आपली खुर्ची देताय?"

"खुर्ची कंपनीची. डोंगर तिचे. मी इकाम्यावरचा, राहायच्या परवान्यावरचा पाहुणा."

*

सरांचा जिझानचा शेवटचा दौरा. आठवड्यानं ते कायमचे परतणार होते. चाळीस वर्षांत एकही नवी जात त्यांच्या हाती लागली नव्हती. एवढी एकच खंत त्यांनी कधीतरी बोलून दाखवलेली.

सकाळी एका कड्यापाशी त्यांनी जीप थांबवायला सांगितली. "नूरा, तू कडा बघ. मी चहा घेतो."

थोड्या वेळानं ती धावतच आली. "डॉक्टर, एक पिवळा ठिपका आहे. तुमच्या एकाही वहीत नाही!"

सरांनी जाऊन बराच वेळ पाहिलं. "मबरूक, नूरा, अभिनंदन! मला तरी ही नवी जात वाटते. शोध तुझा. नाव तुझंच लागेल."

तिला रडू आवरेना.

जीप मी चालवत होतो. आदल्या दुपारीही मीच चालवत होतो, फक्त नूरा बरोबर नव्हती. तेव्हा त्याच कड्यापाशी, त्याच पिवळ्या ठिपक्यापुढे, सर दोन तास गुडघे टेकून बसले होते.