समेटाचा कायदा आणि माझी पार्ट-टाइम नोकरी

ऑफिसातलं घरी बोलायचं नाही, असं ठरवून टाकलं की किस्से मनात साचत जातात आणि मैत्रिणी भेटल्या की एकदम सांडतात. आज सांडतेच. देशाचं नाव मात्र विचारू नका!

ओसाकाला नवऱ्याच्या मागे आले तेव्हा पुण्याचं एलएलबी बॅगेतच राहणार, असं वाटलं होतं. मग एका संस्थेत इंग्रजी-जपानी दुभाष्याचं पार्ट-टाइम काम मिळालं. तिथे यादवी संपलेल्या एका देशाचे, दोन्ही बाजूंचे अधिकारी आले होते. त्यांच्याकडे समेटाचा कायदा पास झाला होता. बेपत्ता माणसांना कुठे पुरलं, हे ज्याला माहीत असेल त्याने सांगावं. घरी बसून पत्राने कळवलं तरी चालेल, नाव गुप्त राहील. पण नियम तयार होईपर्यंत कायदा लागू होणार नव्हता. ते नियमच इथे बसून लिहायचे होते.

त्यांच्यात एक मॅडम होत्या. त्यांचा धाकटा भाऊ बेपत्ता. आणि एक निवृत्त मेजर, यादवीत समोरच्या बाजूने लढलेले.

*

पहिल्या दिवशी संस्थेतले आमचे साहेब मोरी-सान यांनी नावाच्या पाट्या मुद्दाम सरमिसळ करून मांडल्या. चहा पिऊन परत येतो तर काय, दोन्ही बाजूंनी मिळून पाट्या हलवलेल्या. एक बाजू खिडकीकडे, दुसरी दाराकडे!

मी घाबरले. मोरी-सान खूश. "छान! पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून एक काम केलं!"

*

मॅडम आणि मेजर यांची मातृभाषा एकच. तरी दोघं एकमेकांशी बोलायचे ते इंग्रजीत, माझ्यामार्फत.

"मेजरना सांग, बाटलीचं झाकण वेगळ्या डब्यात टाकतात."

"मॅडमना सांगा, मला माहीत आहे."

दोघांमध्ये अंतर एका कचऱ्याच्या डब्याचं! आमचं घरी भांडण झालं की आमचा तीन वर्षांचा ईशान हेच काम करतो, आणि तेही बिनपगारी.

*

एकदा पाळणाघरातून फोन आला. ईशानला कोणीतरी चावलं होतं. कोण, ते सांगणार नाहीत. इथली पद्धतच तशी. दुपारी सगळ्या पाहुण्यांबरोबर जेवताना माझा तोल गेला. "त्यांना माहितीये हो कोण ते! तरी सांगत नाहीत!"

आणि मग माझ्या लक्षात आलं, आपण हे कुणासमोर बोलतोय!

मॅडमनी हळूच विचारलं, "मग तू काय करतेस?"

"काही नाही... न्यायला गेले की सगळ्या पोरांचे दात बघत बसते."

मॅडम म्हणाल्या, "मी सगळ्यांचे हात बघते."

*

पुढे गाडी अडली ती एका कलमावर: माहिती मिळाल्यावर कुटुंबाने क्षमापत्रावर सही द्यावी. मॅडम म्हणाल्या, "मला कुणाचं नाव नको. जागा हवी. पण सही मिळणार नाही." दोन दिवस तेच! हे कलम सुटल्याशिवाय कायदा लागू होणार नाही आणि मॅडमना विचारायला दारच उघडणार नाही. त्यांच्यापेक्षा मलाच रडू यायचं, पण माझं काय, ईशानला इंजेक्शन देतात तेव्हाही मीच रडते.

तिसऱ्या दिवशी मेजर एकदम उठले आणि मॅडमशी त्यांच्याच भाषेत काहीतरी बोलले. मॅडमनी एका वाक्यात उत्तर दिलं. मेजरनी पेन उचललं आणि क्षमापत्राच्या कलमावर रेघ मारली.

मोरी-सान माझ्या कानाशी, "काय म्हणाले? काय म्हणाले?"

"काय माहीत! पहिल्यांदाच माझी गरज लागली नाही!"

*

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे कायदा लागू झाला. ईशानला सायकलवर बसवत होते, तेवढ्यात मॅडमचा व्हिडिओ कॉल. जिल्ह्याच्या गावी बेपत्ता माणसांच्या माहितीसाठी नवं ऑफिस उघडलंय. सांगायचं असो की विचारायचं, खिडकी एकच.

"पहाटेच जाऊन उभी राहिले," मॅडम म्हणाल्या. "वाटलं, माझाच पहिला नंबर. तर पुढे एक माणूस."

"कोण?"

"मेजर. मला बघून बाजूला झाले. म्हणाले, आधी तुम्ही."

"मग?"

"मी म्हटलं, नको. आधी तुम्ही सांगा. मग मी विचारते."