घाटावरचे साहेब आणि आमचे म्हातारे

आम्ही रिटायर्ड मंडळी एकत्र जमलो, की चहा येईपर्यंत घाटावरच्या साहेबांचे दोन किस्से होतातच. इतकी वर्षं झाली, स्टॉक संपत नाही!

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. म्हाताऱ्यांच्या योजना बघणारं रत्नागिरीतलं आमचं ऑफिस. साहेब बदलून आले ते थेट घाटावरून. पहिल्याच मीटिंगमध्ये कडाडले, "आमच्याकडे सगळे वृद्ध केंद्रात येतात. तुमचेच का येत नाहीत?"

शिपाई कदम म्हणाला, "साहेब, तिकडे गाव एका जागी असतो. इथे तो डोंगरभर सांडलेला!"

*

तरीही साहेबांनी हातखंब्याला, हायवेला लागूनच विरंगुळा केंद्र काढलं. टीव्ही, कॅरम, सगळं! वाड्या खाली दरीत. दुखरे गुडघे घेऊन वर चढणार कोण?

महिन्याने तपासणीला गेलो, तर हॉल फुल्ल! चार ट्रक ड्रायव्हर कॅरम खेळतायत, दोन घोरतायत.

साहेबांनी विचारलं, "यात साठीच्या वरचे किती?"

रखवालदार म्हणाला, "होतील साहेब, हळूहळू!"

*

मग कानतपासणीचं शिबिर. तपासणारा माणूसही साहेबांनी आपल्याच भागातून आणलेला. त्याने एका आजीला विचारलं, "आज्जे, कवाधरनं कमी ऐकाय यालंय?" आजी गप्प. तो ओरडला. आजी गप्पच. "ठार बहिरी!" म्हणत त्याने तिच्या कानात मशीन खुपसलं.

आजी माझ्याकडे वळली. "ह्यो वरडतोय कशाला? ऐकाया येतंय वो, कलत नाय!"

*

राधाबाईंना साहेबांनी पेन्शन नाकारली. "मुलगा मुंबईत आहे ना? मग आधार आहे." तो बिचारा गिरणी बंद पडून घरी बसलेला. राधाबाईंनी मुंबईत विचारलं, तर तिथले म्हणाले, "रेशनकार्ड रत्नागिरीचं. तिकडे मागा."

त्या परत आल्या त्या संतापूनच. "मुंबैवाले बोलतात मी रत्नागिरीची, तुमी बोलता मी मुंबैची. मंग मी मधी पेनला जाऊन ऱ्हाव काय?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "पेण रायगड जिल्ह्यात येतं, आजी. तो आमचा विषय नाही."

*

आणि काशीआजी! ऐंशीच्या घरातली, एकटी. विहिरीवर पडली होती, म्हणून घरकामाला मदतनीस मागितलेली. घाटावर अशी मदतनीस सहज मंजूर व्हायची. आमच्याकडे मात्र साहेब आधी स्वतः खात्री करणार!

तिच्या घराकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. साहेबांच्या पायात चकचकीत बूट. अर्ध्या वाटेत आपटले, पाय मुरगळला. ओरडणं ऐकून आजी काठी टेकत आली. मी एका बाजूने, तिने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना पडवीत नेलं. तिने पायाला तेल चोळलं, गरम पेज पाजली. निघताना स्वतःची काठी त्यांच्या हातात दिली आणि वाटेकडेच्या दगडी गडग्याला धरून, धापा टाकत रस्त्यापर्यंत पोचवायला आली. "हलू, बाबा, हलू."

साहेब जीपमध्ये बसले. आजीची काठी दोन गुडघ्यांत धरून मला म्हणाले,

"लिहून घ्या. आजी धडधाकट. चालायला काठीसुद्धा लागत नाही. मदतनीस नामंजूर!"