पालखी थांबायचं दार

वेंकूबाईंचं शेजारच्या अंबाबाईंशी का बिनसलं होतं, ते गल्लीत कुणालाच धड सांगता येत नसे. विहिरीच्या दोरावरून म्हणा, फणसाच्या फांदीवरून म्हणा. पण बिनसलं होतं ते पक्कं. तंजावरातली ती दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी. दोन्ही घरांत मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि एकमेकींशी बोलायचं ते नुसतं तिखट.

वेंकूबाईंकडे मिरवायला एकच गोष्ट होती. चतुर्थीला गल्लीच्या टोकाच्या गणपतीची पालखी निघे, आणि गल्लीत ती एकदाच थांबे. ती त्यांच्या दारात. सासरे सांगत, आपल्या वाडवडिलांनी राजवाड्यात चाकरी केली, त्याचा हा मान. लग्न होऊन आल्यापासून वेंकूबाईंनी तो मान दागिन्यासारखा अंगावर वागवला. देवाला ओवाळावं, वाजंत्र्यांना ताक द्यावं, आणि हळूच शेजारच्या दाराकडे एक तिरकी नजर टाकावी. वर्षभराचं भांडण त्या एका नजरेत फिटे.

अठ्ठावन्न साली अंबाबाईंनी आपलं दार हिरवंगार रंगवलं. मग एका संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून जाईचे गजरे ओवता ओवता त्या म्हणाल्या, "अक्का, देव येतो तुमच्या दारात, आणि दार बघावं तर धर्मशाळा. तुमच्या तिण्णैवर तो भांडीवाला घोरतोय बघा."

तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. वेंकूबाईंचा ओटा गल्लीत सगळ्यांत लांबरुंद. येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावं, पान खावं, कोपऱ्यात पिचकारी मारावी.

"धर्मशाळेत देव तरी येतो," वेंकूबाई म्हणाल्या. "तुमच्या हिरव्या दारावर पोपटसुद्धा फिरकत नाही."

बोलायला बोलून गेल्या, पण ते 'धर्मशाळा' काट्यासारखं रुतून बसलं. चार दिवसांत रामस्वामी गवंडी दारात उभा.

"ओटा कशाला पाडतेस?" वर्तमानपत्राआडून वैद्यनाथराव म्हणाले. ते शाळामास्तर, बायकोशी वाद घालायची त्यांची ताकद शाळेतच संपलेली असे. "लोक बसतात तिथे."

"बसतात म्हणूनच."

ओटा गेला. त्या जागी लाल सिमेंटच्या पायऱ्या आल्या, तेल लावून इतक्या घोटलेल्या की त्यात तोंड दिसावं. दोन्ही बाजूंना खांब, मध्ये मोराच्या नक्षीचं लोखंडी फाटक. येणारेजाणारे थबकून बघू लागले. अंबाबाईंनी सगळं काम आपल्या ओट्यावरून पाहिलं.

"छान झालं हो, अक्का. आता कुणी बसायचं नाही."

"नाहीच बसायचं."

चतुर्थीच्या संध्याकाळी वेंकूबाई कांजीवरम नेसून, आरतीचं ताट हातात घेऊन पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. नाटकातली राणी पडदा उघडायची वाट पाहते तशा. मागे हिंगकढीपत्त्याच्या ताकाचा हंडा. सनईसारख्या नागस्वराचा सूर वळणावर आला, पालखी दिसली. पुढे गळ्यात जड ढोल अडकवून चालणारा तविलवाला फाटकापाशी आला. त्याने त्या आरशासारख्या पायऱ्यांकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं, आणि तसाच पुढे जाऊन अंबाबाईंच्या ओट्यावर टेकला. गळ्यातलं तविल काढून शेजारी ठेवलं. नागस्वरवाला त्याच्या बाजूला बसला. वाद्यं थांबली तशी भोयांनीही टेकू लावले. देवाचं तोंड हिरव्या दाराकडे.

"अहो, आमचं दार इकडे," वेंकूबाई तमिळमध्ये म्हणाल्या.

तविलवाला उपरण्याने मान पुसत होता. "अम्मा, अर्धी गल्ली हे ओझं गळ्यात घेऊन वाजवत आलो. बसायला नको? तुमची तिण्णै ऐसपैस, म्हणून तुमच्याकडे थांबायचो."

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. राजवाडा नाही, चाकरी नाही. एवढ्या वर्षांचा मान त्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या ओट्याचा होता, आणि तो त्यांनी स्वतः उभं राहून फोडून घेतला होता.

अंबाबाईंची तयारी मात्र काहीच नव्हती. धावत आत जाऊन त्या निरांजन घेऊन आल्या, ओवाळलं, आणि मग मागे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "अक्का, ताक असेल ना तुमच्याकडे? माझ्याकडे नुसतं पाणी आहे."

वेंकूबाईंनी फाटक उघडलं. ताट खाली ठेवलं, हंडा कमरेवर घेतला आणि त्या शेजारच्या दारात गेल्या. एकेकाला ताक वाढलं. वाजंत्र्यांना, भोयांना, हसणाऱ्यालासुद्धा.

"बसा की, अक्का. हंडा तरी टेकवा."

"तुमच्या ओट्यावर माझा हंडा टेकायचा नाही."

शेवटचा भोई पिऊन होईपर्यंत हंडा कमरेवरच होता.

आठवड्याच्या आत रामस्वामी पुन्हा आला. "तिण्णै होती त्याहून हातभर लांब बांध," वेंकूबाई म्हणाल्या. फाटकाचं काय करायचं, असं त्याने विचारलं. "परसात लाव. गाय बघेल मोर."

पुढच्या चतुर्थीला तविलवाला आपल्या जुन्या जागी बसला. त्यानंतर वेंकूबाई रोज सकाळी पिचकाऱ्या घासून काढत, सगळ्या पानखाऊंच्या सात पिढ्या उद्धरत; पण कुणाला उठवलं नाही.

"अक्का," एका दुपारी अंबाबाई म्हणाल्या, "पुन्हा धर्मशाळा?"

भांडीवाला तोंड उघडं टाकून घोरत होता. वेंकूबाईंनी मानही वर केली नाही.

"हळू बोला. झोपू द्या त्याला."